फाटक उघडेपर्यंतची गोष्ट

बर्निस गाडीच्या पुढून चालत गेली आणि थांबली नाही. झालं ते एवढंच. शुक्रवारची पावणेचारची वेळ, शाळेच्या मागचं पार्किंग, सप्टेंबर संपायच्या आतच बोचायला लागलेली विनिपेगची हवा. मायर्नाने पाच मिनिटं आधीच गाडी सुरू करून आत ऊब केली होती, शेजारच्या सीटवरचा वह्यांचा गठ्ठा उचलून मागे टाकला होता, कारण बर्निस बसताना हटकून म्हणायची, "तुझ्या पोरांचं गणित माझ्या बुडाखाली नको बाई." दोन वर्षं हे असंच चाललं होतं. शाळा सुटली की दोघी एका गाडीतून निघायच्या, बर्निसला तिच्या दारात सोडून मायर्ना पुढे जायची. आजही बर्निस येताना दिसली तशी मायर्ना दार उघडून द्यायला वाकलीसुद्धा. आणि बर्निस, खांद्याला पिशवी, जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढलेली, बॉनेटपासून हातभर अंतरावरून सरळ बसथांब्याकडे गेली. तिने पाहिलंच नसतं तर एक वेळ चाललं असतं. पण तिने पाहिलं. बँकेत ओळखीचा कारकून दिसला की हलवतात तशी मान हलवली, आणि गेली. मायर्ना तशीच वाकलेली राहिली, एक हात दाराच्या कडीवर, पोटाला सीटचा पट्टा रुतलेला. मग ती सरळ बसली आणि स्वतःशी कारणं जुळवू लागली. आईला दवाखान्यात न्यायचं असेल. बाजार करायचा असेल. डोकं दुखत असेल, बोलायचा कंटाळा आला असेल. माणसाला येतो कंटाळा. एकेक कारण ती उचलून बघत होती आणि खाली ठेवत होती, कारण खरं काय ते तिला केव्हाच कळलं होतं. कालच्या सभेतच कळलं होतं, टाळ्या वाजत असतानाच. तिने ते टाळ्यांच्या आवाजाखाली दाबून टाकलं होतं.

काल, गुरुवारी, शाळेत केशरी सदऱ्यांची सभा होती. दरवर्षी या सुमाराला असते. उत्तरेकडच्या वसतिशाळांमध्ये मूळच्या लोकांची मुलं घरातून उचलून नेली, त्यांची भाषा काढून घेतली, काही परत आलीच नाहीत, त्याची आठवण म्हणून. तीनशे मुलं व्यायामशाळेच्या लाकडी जमिनीवर मांडी घालून बसलेली, सगळी केशरी, आणि समोर माइक हातात घेऊन मायर्ना हॅवरिलक, पाचवीची वर्गशिक्षिका, वय चौपन्न, सलोखा समितीची अध्यक्ष. ही समिती तिनेच काढली, तिनेच चालवली. रोज सकाळी शाळेच्या स्पीकरवरून ही जमीन मुळात कोणकोणत्या जमातींची ते वाचून दाखवायचं कामही तिचंच. इतक्या वर्षांच्या सरावानंतर सगळी नावं ती न अडखळता घ्यायची, आणि तिला त्याचा अभिमान होता. बर्निस त्यावरून तिची फिरकी घ्यायची. गाडीत बसता बसता विचारायची, "काय गं, आज पण जमीन आमचीच ना? रात्रीतून काही बदल?" मायर्ना खो खो हसायची, जरा जास्तच हसायची, आपल्याशी ही असली थट्टा करते म्हणजे आपण आतल्या झालो असं तिला वाटायचं. बर्निस शाळेत मदतनीस होती. ज्या मुलांना वर्गात बसणं जड जातं त्यांच्याशेजारी दिवसभर बसायची. समितीत ये म्हणून मायर्नाने तिला तीनदा गळ घातली. बर्निस म्हणाली, "मी इथे नोकरी करते. माझ्याकडून तेवढं पुरे." हे वाक्य मायर्नाने शिक्षकांच्या बैठकीत मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं. किती खोल बोलली, म्हणाली होती. त्याच बैठकीत तिने स्वतः तयार केलेला, प्लॅस्टिकमध्ये घातलेला कागद चहाच्या खोलीत लावला. मूळच्या लोकांशी सोबतीने कसं वागावं: ऐका, विचारा, जागा सोडा, आणि त्यांच्या गोष्टी त्यांच्याच असतात. शेवटची ओळ सुचली तेव्हा तिला रात्रभर समाधान वाटलं होतं. समाधान वाटायला काय लागतं माणसाला!

गोष्ट बर्निसने सांगितली ती फेब्रुवारीत. उणे चौतीस, संध्याकाळचे साडेचार, आणि रेल्वेच्या फाटकाशी मालगाडी आडवी आलेली. या शहरात मालगाडी आडवी आली की माणूस कपाळाला हात लावून बसतो. धान्याचे डबे, तेलाचे डबे, पुन्हा धान्याचे, संपता संपत नाहीत. काचेवर आतून वाफ धरलेली. बर्निस वाफेवर बोटाने रेघा ओढत होती आणि एकदम, काही प्रस्तावना नाही, काही नाही, आईबद्दल बोलायला लागली. तिची आई फिलोमीन, उत्तरेकडच्या अशाच एका वसतिशाळेत आठ वर्षं काढलेली. आई, तिचा धाकटा भाऊ आणि एक हातमोजा. ती गोष्ट काय होती ते मी इथे सांगणार नाही. एकदा ती नको त्या तोंडून सांगून झाली आहे, तेवढं पुरे झालं. एवढंच की बर्निस डब्यांच्या खडखडाटात हळू आवाजात बोलत होती, मधूनमधून शब्द ऐकू येत नव्हते, आणि मायर्ना श्वास रोखून, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून बसली होती. मग शेवटचा डबा गेला, फाटक उघडलं, मागच्या गाडीवाल्याने हॉर्न मारला, आणि बर्निस गप्प झाली. मायर्नाने गियर टाकला. पुढे काय झालं ते तिने विचारलं नाही. ऐकायचं, खोदायचं नाही, हे तिचंच धोरण होतं. शिवाय पुढचं तिला माहीतच होतं. अशा गोष्टींचा शेवट काय असतो ते कुणाला माहीत नसतं? घरी आल्यावर नवऱ्याने केलेलं सूप समोर ठेवून ती रडली. तो म्हणाला, "काय झालं?" ती म्हणाली, "सांगण्यासारखं नाही." आणि हे म्हणताना तिला आतून एक ऊब जाणवली होती, आपल्याला काहीतरी मोलाचं मिळालं आहे अशी. ती ऊब आता आठवली की कानशिलं तापत होती. माणूस दुसऱ्याच्या दुःखाने रडतो तेव्हा त्यात दुसऱ्याचं किती आणि स्वतःचं किती, हे कोण वेगळं काढणार!

सात महिने गोष्ट तिच्याजवळ राहिली. गोष्ट जवळ ठेवणं सोपं नसतं. भांडी घासताना, वह्या तपासताना ती मनात तिला फिरवून बघायची, इथून बघ, तिथून बघ. हातमोजा तिला दिसायचा. मुलगा दिसायचा, कान लाल झालेला. मग सभेच्या आदल्या दिवशी मुख्याध्यापक स्टुअर्ट म्हणाला, "दरवर्षी तेच आकडे आणि तेच फोटो, मुलं जांभया देतात गं. काहीतरी मनाला भिडेल असं बोल." आणि दुसऱ्या दिवशी माइक हातात आला, पहिल्या ओळीतल्या पोरांची चुळबुळ सुरू झाली, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "मी तुम्हाला एका मुलीची गोष्ट सांगते." आपोआप निघालं, असं ती नंतर स्वतःला बजावत होती. पण आपोआप नव्हतं ते. तिला आठवत होतं की सकाळी आंघोळ करताना तिने पहिलं वाक्य दोनदा म्हणून पाहिलं होतं. तीनशे मुलं चिडीचूप झाली. कुठे आवाज खाली आणायचा, कुठे थांबायचं, तिला सगळं बरोबर कळत होतं. नाव तिने घेतलं नाही, गावही नाही. मात्र सांगता सांगता तिची नजर भिंतीशी उभ्या असलेल्या बर्निसकडे गेली. माया म्हणून गेली. आदर म्हणून गेली. तुझं आहे ते मी किती जपून हाताळते आहे बघ, असं तिला म्हणायचं होतं. आणि तिच्या नजरेमागोमाग कडेला बसलेल्या शिक्षिकांची नजर, मग मुलांची. शेवटी तिने सगळ्यांना मिनिटभर शांत उभं राहायला सांगितलं. मग टाळ्या. स्टुअर्टचे डोळे ओले. तो म्हणाला, "पुढच्या शुक्रवारी जिल्ह्याचं शिक्षकांचं शिबिर आहे, दोनशे जण असतील, हेच तिथे बोल." ती म्हणाली, "बघते." म्हणजे हो. बर्निस, ज्या मुलाशेजारी ती दिवसभर बसायची त्याचा हात धरून, केव्हाच बाहेर गेली होती.

शनिवार-रविवार तिने तीन निरोप लिहिले आणि तिन्ही खोडले. एकात फारच गोडवा होता. दुसऱ्यात 'तुला वाईट वाटलं असेल तर' असं होतं, आणि समितीच्या शिबिरात तिनेच इतरांना शिकवलं होतं की माफी मागताना 'तर' आणायचा नाही. तिसरा लिहिताना तिला भलतंच काहीतरी आठवलं. ती दहा वर्षांची असताना वडिलांनी घराची माडी भाड्याने द्यायला काढली होती. लहान गाव, सगळी युक्रेनी आणि आइसलँडी वस्ती, वडील तिथल्या धान्यकोठारावर कामाला. संध्याकाळी फोन आला. वडील मोठ्या उत्साहाने बोलत होते, चूल वेगळी आहे, जिना वेगळा आहे, मग मध्येच त्यांनी विचारलं, "नाव काय म्हणालात?" नाव मूळच्या लोकांतलं होतं; ते ऐकून वडील थोडं थांबले आणि अगदी सभ्यपणे म्हणाले, "अरेरे, दुपारीच दिली हो खोली." फोन ठेवून ते पत्ते खेळायला बसले. आई काही बोलली नाही, मायर्नाही नाही. माडी सबंध हिवाळा रिकामी होती. मायर्ना तिथे बाहुल्या घेऊन खेळायला जायची आणि तिला ती जागा फार आवडायची, पडदे नसलेल्या खिडकीतून ऊन सगळ्या जमिनीभर यायचं. ही आठवण तिने कधी कुठल्या शिबिरात सांगितली नव्हती. स्वतःच्या आजीला शाळेत युक्रेनी बोलल्याबद्दल छडी बसली ते मात्र ती दर खेपेला सांगायची. बर्निसलाही पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. बर्निस म्हणाली होती, "हो का? मग आजी सुट्टीला घरी जायची का?" रोज जायची, मायर्ना म्हणाली होती, घर समोरच होतं. "छान," बर्निस म्हणाली होती आणि खिडकीबाहेर बघू लागली होती. तेव्हा तिला त्यात काही दिसलं नाही. आता रविवारी दुपारी, हातात फोन घेऊन, ते 'छान' तिला स्वच्छ ऐकू आलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सोमवारी आणि मंगळवारी बर्निस बसने गेली. बुधवारी मधल्या सुट्टीत झेरॉक्सच्या खोलीत दोघी समोरासमोर आल्या. मायर्नाच्या हातात शिबिराचे कागद होते, ते तिने उगाचच पाठीमागे धरले. मशीन गरम होत होतं. "बर्निस," ती म्हणाली, "मी नाव घेतलं नाही गं कुणाचं."

"नाही घेतलंस," बर्निस म्हणाली. "बघितलंस माझ्याकडे. तीनदा. मी मोजलं."

"मला वाटलं तू मला ती विश्वासाने..."

"विश्वासानेच सांगितली." बर्निसचा आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. "आईने मला ती एकदाच सांगितली, मायर्ना. मी चाळीस वर्षांची होते. बाबा गेले त्या हिवाळ्यात. सांगून झाल्यावर म्हणाली, आता भांडी घास. त्यावर पुन्हा अवाक्षर नाही. त्या दिवशी सभेत बसलेली माझी नात, आमची जेसलिन, घरी गेली आणि जेवताना पणजीला विचारते, पणजी, तो हातमोजेवाला मुलगा तुझा भाऊ होता का? आईने चमचा खाली ठेवला. तेव्हापासून माझ्याशी बोललेली नाही ती. पोरीशी बोलते, टीव्हीशी बोलते, कुत्र्याशी तर गप्पा मारते. मी खोलीत आले की बंद. एक्याऐंशी वर्षांची आहे. तिच्याकडे तिचं म्हणून किती उरलंय? त्यातलं एक तिने मला दिलं होतं."

मायर्नाचे डोळे भरून आले. "मी काय करू, सांग."

"ते पण मीच सांगू?"

मशीन गरम झाल्याची शिट्टी वाजली. बर्निसने आपले कागद लावले, बटण दाबलं, आणि कागद पडत असताना, मायर्नाकडे पाठ ठेवूनच म्हणाली, "उद्या चारला घरी ये. तिला सांग की मी तुला ती वाटत फिरायला दिली नव्हती. माझं ती ऐकून घेत नाही. आणि हे बघ, रडू नकोस तिथे. तू रडलीस की आम्हालाच तुला सांभाळत बसावं लागतं." मायर्नाने मान हलवली आणि नाक पुसलं, तेही आवाज होऊ न देता. बाहेर स्टुअर्ट भेटला. "शुक्रवारचं पक्कं ना? पत्रिकेत नाव टाकतो." उद्या संध्याकाळी सांगते, ती म्हणाली. आत्ता, या घडीलाही, तिला नाही म्हणता आलं नाही, हे तिने पाहिलं, आणि पाहून न पाहिल्यासारखं केलं.

गुरुवारी जाण्याआधी तिने तंबाखू घेतला. वडीलधाऱ्यांकडे काही मागायला जाताना मूठभर तंबाखू कापडात बांधून न्यायचा, त्यांनी हातात घेतला तर होकार, ही इथली रीत. दोन वर्षांपूर्वी सगळ्या शिक्षकांना रांगेने बसवून तिनेच ती समजावली होती. लाल कापड तिने शिवणाच्या डब्यातून काढलं, चौकोन कापला, कडा दुमडल्या. पुरचुंडी छान झाली. आरशासमोर उभं राहून हात कसा पुढे करायचा ते बघून घेतलं, आणि मग स्वतःच्या तोंडाकडे बघून तिला घाण वाटली, पण पुरचुंडी तिने पर्समध्ये घातलीच.

घर शहराच्या उत्तर भागात होतं, पुढे जाळीचं दार, दारात बुटांचा ढीग. बर्निसने दार उघडलं, "आत आहे," म्हणाली, आणि स्वतः मोरीपाशी जाऊन बटाटे सोलायला लागली, पाठमोरी. स्वयंपाकघरातल्या टेबलावर हजार तुकड्यांचं एक चित्रकोडं पसरलेलं, पवनचक्की आणि फुलांचे ताटवे, आणि त्याच्यामागे फिलोमीन. लहानशी बाई, जाड काचांचा चष्मा, अंगात हॉकीच्या संघाची ढगळ जर्सी. तिने वर पाहिलं नाही. आभाळाचा एक निळा तुकडा हातात घेऊन ती जागा शोधत होती. मायर्ना खुर्चीच्या कडेवर बसली आणि दोन्ही हातांनी पुरचुंडी पुढे केली.

फिलोमीनने चष्म्यावरून त्या लाल कापडाकडे पाहिलं. "काय मागायला आलीस?"

"मागायला नाही, मी माफी..."

"मग हे कशाला? हे आधी आणतात, पोरी. आधी आणतात, मग विचारतात, मग समोरचा हो नाहीतर नाही म्हणतो. तुझं तर घेऊन, वापरूनसुद्धा झालं." तिने पुरचुंडीला बोट लावलं नाही. मायर्नाचे हात तसेच पुढे राहिले, ते मागे केव्हा घ्यायचे तिला कळेना. शेवटी तिने ती मांडीवर ठेवली.

"मिसेस लिंकलेटर, बर्निसने मला ती सांगायला दिली नव्हती. तिचा काही दोष नाही. माझा आहे. मला हे तुम्हाला..."

"सांग."

"काय?"

"जे सांगितलंस ते. पोरांना सांगितलंस, मास्तरणींना सांगितलंस. मला कुणी सांगितलं नाही अजून."

मायर्नाने बर्निसच्या पाठीकडे पाहिलं. पाठ हलली नाही, फक्त सोलण्याचा आवाज थांबला. फ्रिज घरघरत होता. मायर्ना सांगायला लागली. व्यायामशाळेत जी गोष्ट पाण्यासारखी वाहिली होती ती इथे दाताखाली खड्यासारखी येत होती, आणि तरी, देवा, तिचा आवाज त्याच त्याच जागी आपण होऊन खाली उतरत होता. तिने तो वर ओढला. पुन्हा उतरला. "बर्फ पडत होता," ती म्हणाली.

"कधी?"

"त्या दिवशी."

"बर्फ नव्हता. चिखल होता."

"त्या मुलीजवळ एक लाल हातमोजा..."

"लाल?" फिलोमीनने तुकडा खाली ठेवला. "लाल लोकर कुणी दिली होती आम्हाला?"

लाल कुठून आला? बर्निस लाल म्हणाली नव्हती. तो मायर्नाला दिसला होता, भांडी घासताना, असाच दिसला होता लाल. "आणि मग ती मुलगी," ती पुटपुटली, "खिडकीपाशी उभी राहून रडत होती."

"मी?"

"हो."

"मी हसले. दोघंही हसलो, त्यानेही मला बघितलं आणि हसला. का हसलो ते तुझ्यासाठी नाही. पुढे?"

"पुढे काही नाही."

"असं कसं? काहीतरी शेवट केला असशील ना."

"तो मुलगा पुन्हा दिसला नाही," मायर्ना म्हणाली. आवाज इतका बारीक झाला होता की तिचा तिलाच ओळखू येईना. "मी मुलांना मिनिटभर उभं राहायला सांगितलं."

"कुणासाठी?"

"त्याच्यासाठी."

फिलोमीन टेबलावर कोपरं टेकून मायर्नाकडे बघत राहिली, रागाने नव्हे, चुकीच्या जागी घुसवलेल्या तुकड्याकडे बघावं तशी. मग तिने मान वळवली. "बर्निस," ती म्हणाली. सात दिवसांत पहिल्यांदा. "आपला एमिल कधी मेला गं?"

बर्निसची पाठ थरथरली. "मला नाही कुणी कळवलं, आई."

"गेल्या महिन्यात तर आला होता थॉम्पसनहून. मी भाजलेला सगळा बॅनॉक पाव खाल्ला त्याने. वर दोन पिशव्या भरून नेला. मेलेला माणूस इतकं खातो?"

"मामा मेल्यावरसुद्धा खाईल," बर्निस म्हणाली, आणि तिच्या हातातला बटाटा मोरीत पडला. दोघी हसायला लागल्या. आधी नाकातून, मग तोंड दाबून, मग मोकळ्या सुटल्या. फिलोमीनने चष्मा काढून डोळे पुसले. "लाव, फोन लाव त्याला. सांग, तीनशे पोरं उभी केली होती तुझ्यासाठी, केशरी सदरे घालून. म्हणावं, आता तरी दारू सोड." मग ती त्यांच्या क्री भाषेत काहीतरी म्हणाली, बर्निसने त्याच भाषेत उत्तर दिलं, आणि त्या पुन्हा हसल्या, या खेपेला जास्त हळू, एकमेकींकडे बघत. बर्निस टेबलाशी आली, आईच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. फिलोमीनने न बघता त्या हातावर आपला हात ठेवला. मायर्ना मध्ये बसली होती. आपणही हसावं की नाही तिला कळेना. चेहऱ्यावर अर्धवट काहीतरी आलं होतं, ते तिने आवरलं.

फटकन हसणं थांबवून फिलोमीन म्हणाली, "आमचं माणूस जगलं तर तुमची गोष्ट पुरी होत नाही का, पोरी?"

फाटक उघडल्यावर पुढे काय झालं हे विचारायला एक वाक्य लागलं असतं. सात महिन्यांत, रोजच्या त्या अर्ध्या तासाच्या वाटेत, एक वाक्य. तिने विचारलं नाही कारण तिला शेवट हवा होता तो मिळालेला होता. तिने एका जिवंत म्हाताऱ्याला मारलं होतं आणि त्याच्यावर रडली होती, सूप गार होईपर्यंत. "माझं चुकलं," ती म्हणाली. एवढंच म्हणाली. रडली नाही, तेवढा एक शब्द तिने पाळला.

"जे झालं ते तू सांगितलंस त्याहून वाईट होतं," फिलोमीन म्हणाली. "आणि त्याहून साधं. तू सांगितलीस ती माझी नव्हेच. ती तू केलेली आहेस. माझी इथेच आहे." तिने कुठे हात लावून दाखवला नाही, निळा तुकडा उचलला आणि पुन्हा आभाळाची कड शोधू लागली. "बर्निस, चहा ठेव. दोन कप."

दोन कप. मायर्ना उठली. दारापाशी येऊन ती बूट घालायला वाकली आणि वाकल्यावाकल्याच तिच्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. मायलेकी बोलायला लागल्या होत्या. तिच्यामुळे तुटलं होतं, पण तिच्यासमोर जुळलं होतं. आतून भांड्याचा आवाज आला, क्री शब्द आले, कुत्रं उगाच भुंकलं. किती सुंदर, तिच्या मनात आलं. बुटाची नाडी बोटांत होती आणि डोक्यात शब्द आपोआप लागत होते: मित्रांनो, आज मी तुम्हाला माझ्या एका चुकीबद्दल सांगणार आहे. मग म्हातारीने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, आमचं माणूस जगलं तर. इथे थांबायचं. दोनशे जणांच्या सभागृहात इथे टाचणी पडली तरी ऐकू येईल. इथे पाणी प्यायचं, आणि मगच पुढचं वाक्य.

"मायर्ना."

बर्निस स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात चहाचा डबा. केव्हापासून उभी होती कुणास ठाऊक. ती मायर्नाच्या हलणाऱ्या ओठांकडे बघत होती.

"हे पण सांगशील तू उद्या," ती म्हणाली. विचारलं नाही तिने.

"नाही गं, शपथ," मायर्ना म्हणाली, आणि बुटाची नाडी बांधायला पुन्हा खाली वाकली, नाडी केव्हाच बांधून झाली होती तरी.